लहान मुलांचे वापरलेले कपडे विकताय? आधी तपासा, मग धुवा

बहुतेक जणी पहिल्याच पायरीवर चुकतात. कपड्यांची पिशवी आली की ती थेट वॉशिंग मशीनमध्ये जाते. धुऊन, इस्त्री करून, किमतीची चिठ्ठी लावून फ्रॉक हँगरवर चढतो आणि मग गिऱ्हाइकानं हातात घेतल्यावर कळतं, की मानेशी वीतभर नाडी लोंबतेय. तोवर पाणी, वीज, इस्त्री आणि अर्धा दिवस खर्ची पडलेला असतो. मग जीव होत नाही बाजूला काढायचा. "एवढं काही होत नाही" म्हणत तो फ्रॉक विकला जातो.

मी कोथरूडमध्ये असं छोटं दुकान चालवते. नव्यानं सुरू करणाऱ्या, सोसायटीच्या ग्रुपवर विकणाऱ्या, प्रदर्शनात टेबल लावणाऱ्या मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा क्रम लिहून काढला. क्रम महत्त्वाचा आहे. यातल्या पायऱ्या बहुतेकींना माहीत असतात, पण उलटसुलट होतात.

## सुरुवात करण्याआधी: कायदा तुम्हाला कुठे धरतो

दोन गैरसमज आहेत. एक, "कपड्यांना आयएसआय लागत नाही, म्हणजे नियमच नाहीत." दोन, "जुना माल आहे, जबाबदारी बनवणाऱ्याची."

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मुलांच्या रोजच्या कपड्यांना तशी सक्ती नाही, हे खरं. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्हाला लागू होतोच. तो २० जुलै २०२० पासून अमलात आहे आणि त्याचं सहावं प्रकरण सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईबद्दल आहे. विक्रेत्याची व्याख्याही रुंद आहे. व्यवसाय म्हणून विकणारा, दुरुस्त करणारा, लेबल लावणारा, बाजारात आणणारा असे सगळे त्यात येतात. कमिशनवर ठेवून विकत असाल तर "कपडे माझे नव्हतेच" या वाक्यावर फार विसंबू नका.

बनवणारा नसलेला विक्रेता कधी जबाबदार ठरतो, ते कलम ८६ मध्ये आहे. आपल्या धंद्यात त्यातल्या चार गोष्टी रोज येतात:

- कपड्यात तुम्ही बदल केला आणि इजा मुख्यतः त्या बदलामुळे झाली.
- बनवणाऱ्यानं दिली नव्हती अशी हमी तुम्ही स्वतःहून दिली.
- बनवणारा कोण हेच माहीत नाही, किंवा माहीत असूनही त्याच्यापर्यंत नोटीस पोचत नाही.
- तपासणी, देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नाही, किंवा बनवणाऱ्याची धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. मानेशी टोचतं म्हणून आया लेबल कापून टाकतात. कोणी शिवलं त्याचा पत्ता नाही असे कितीतरी कपडे आपल्याकडे येतात. अशा कपड्यानं काही झालं तर बोट दाखवायला समोर तुमच्याशिवाय कोणी उरत नाही.

अमेरिकेतली माहिती वाचून काही जणी घाबरतात: "प्रत्येक कपड्याची शिशाची चाचणी करायची?" तिथे मुलांच्या वस्तूंतल्या शिशावर मर्यादा घालणाऱ्या २००८ च्या कायद्यानंतर हाच गोंधळ उडाला होता. जानेवारी २००९ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं स्पष्ट केलं, की जुन्या मालाच्या दुकानांना चाचणी करून घ्यायची सक्ती नाही, पण मर्यादेबाहेरचा माल विकायला मनाई आहेच. आपणही तसंच वागायचं. प्रयोगशाळा लागत नाही, डोळे, बोटं आणि वही लागते.

## टप्पा १: काय घ्यायचं नाही, ते दारावर लिहा

नकार दारातच द्यायचा. घरात आलेला कपडा बाहेर काढणं जड जातं, आणि देणारी ओळखीची असेल तर आणखीच. माझ्या दारावरची पाटी अशी आहे: "गळ्याशी नाडी असलेले, लेबल नसलेले व डांबरगोळ्यांचा वास येणारे कपडे घेतले जात नाहीत. बाळ गोड आहे, हे मान्य. तरीही नाही." पुण्यात पाटी असली की वाद निम्मा होतो.

नकाराची यादी छोटी ठेवा:

- सात वर्षांपर्यंतच्या मुलांचे, गळ्याशी किंवा टोपीला नाडी, दोरी, रिबीन असलेले कपडे
- दिवे लागणारे, आवाज करणारे कपडे आणि बूट
- तीन वर्षांखालच्या मुलांचे टिकल्या, आरसे, मणी, घुंगरू लावलेले कपडे
- खेळणी

दिव्यांचे कपडे का नकोत, तर आत बटणाएवढा सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. सेलची झाकणी सैल आहे की घट्ट, हे बघत बसण्यात अर्थ नाही. खेळण्यांबद्दल वर लिहिलंच आहे. कपड्यांच्या दुकानात कोपऱ्यात "जाता जाता" म्हणून ठेवलेलं बिनचिन्हाचं जुनं खेळणं हा उगाच ओढवून घेतलेला त्रास आहे.

लेबलबाबत थोडी ढील ठेवा. घरी शिवलेलं झबलं, आजीनं विणलेला स्वेटर यांना लेबल कुठून असणार? असे कपडे घेतलेत तर तपासणी दुप्पट कडक, आणि वहीत "घरी शिवलेलं" अशी स्पष्ट नोंद.

इशारा: गाठोड्यानं, किलोवर मिळणारा "इम्पोर्टेड" जुना माल लहान मुलांसाठी घेऊ नका. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्याला परवाना लागतो. गाठ कुठून आली हे सांगू न शकणाऱ्याकडून घेतलेल्या कपड्याचं मूळ तुम्हालाही सांगता येणार नाही.

## टप्पा २: घेतानाच नोंद

शंभर पानी वही पुरते. प्रत्येक पिशवीला एक क्रमांक आणि समोर तारीख, देणाऱ्याचं नाव व फोन, नगांची संख्या, ब्रँड, आणि देणारीला विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं:

१. हे किती दिवस कपाटात होते, आणि सोबत काय ठेवलं होतं?
२. घरात गेल्या महिन्यात कुणाला खरूज, उवा, ढेकूण?
३. बटण, चेन, इलॅस्टिक काही बदललंय का?

दुसरा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं होतं. मी "सगळ्यांनाच विचारते हो" असं म्हणून विचारते. चिडणारे फार थोडे, आणि जे चिडतात त्यांची पिशवी मी जरा जास्तच निरखून बघते.

पुण्यात आणखी एक प्रकार हमखास येतो: अमेरिकेतल्या नातवंडांचे कपडे. सुट्टीत आले, बॅगेत कपडे आणले, जाताना इथेच ठेवले. ते बहुधा उत्तम असतात, लेबलसकट. पण ब्रँडचं नाव तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीत टाकून बघा. युरोपातल्या मालासाठी 'सेफ्टी गेट' नावाची तशीच यादी आहे. दोन मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं तर कपडा परत द्या आणि कारण सांगा. तिच्या घरी त्याच ब्रँडचा दुसरा असू शकतो.

## टप्पा ३: आठवडाभर पिशवी बंद

नोंदीपुरतं बघून झालं की पिशवी लगेच बांधा, आल्या आल्या टेबलावर पसरू नका. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर झाला की साधारण दोन-तीन दिवसांत मरतो, उवाही एक-दोन दिवसांत. तोंड घट्ट बांधून, वर तारीख लिहून, पिशवी आठवडाभर बाजूला ठेवली की या दोघांची काळजी मिटते.

ढेकणांना मात्र हा उपाय पुरत नाही. ते अन्नाविना महिनोन् महिने तग धरतात. शिवणीत काळे ठिपके दिसले तर पिशवी तशीच बांधून परत.

पडताळणी: बंद पिशव्यांची जागा आणि विकायच्या कपड्यांची जागा एकच नाही ना? माझ्याकडे आधी दोन्ही एकाच कपाटात होत्या, वर-खाली. तेव्हा या आठवड्याला काही अर्थच नव्हता.

## टप्पा ४: तपासणी, धुण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खिडकीजवळची जागा, मोजपट्टी, लोहचुंबक, प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा, पांढरं सुती फडकं, आणि ३२ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडलेला जाड पुठ्ठा एवढं सामान लागतं. एका कपड्याला चार-पाच मिनिटं. कपडा आधी उलटा करा, सुलट बाजू शेवटी.

आतली बाजू. इथूनच सुरुवात का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी एक बाई रात्री नऊला फोनवर रडत होत्या. माझ्याकडून नेलेल्या पायमोज्यातला एक सुटा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला होता. बाळ दोन तास रडत होतं, सगळ्यांना वाटलं पोट दुखतंय. मोजा काढला तेव्हा बोट लालजांभळं होऊन सुजलेलं. डॉक्टरांनी दोरा कापला, बोट वाचलं. मोजे मी धुतले होते, जोड्या लावल्या होत्या, बाहेरून अगदी नव्यासारखे दिसत होते. उलटे करून बघितले नव्हते. चूक सर्वस्वी माझी. आता पायमोजे, हातमोजे आणि पाय झाकणारे झोपायचे कपडे बोट घालून, आतून फिरवून बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. सुटा दोरा असेल तर शिवणीलगत कापायचा. दोऱ्यांचं जाळंच असेल तर कपडा बाद.

नाड्या आणि बंद. गळ्याशी नाडी नको, यावर तडजोड नाही. घसरगुंडीच्या फटीत, स्कूलबसच्या दारात, पाळण्याच्या कडीत नाडीचं टोक अडकतं आणि मूल पुढे जातं. युरोपच्या मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला नाडी चालतच नाही. अमेरिकेत जाकीट-स्वेटशर्टच्या कमरेची नाडी कपडा पूर्ण ताणल्यावर बाहेर तीन इंचांपेक्षा जास्त लोंबायला नको. मी हे तीन इंचांचं माप कमरेच्या सगळ्याच नाड्यांना लावते: पँटच्या, परकराच्या, धोतराच्या. टोकाला गाठ किंवा गोंडा असेल तर तो काढते, कारण अडकतो तो गोंडाच. स्कूटरवर पुढे उभं राहणाऱ्या मुलीच्या लेहेंग्याची लांब लटकनं कुठे जातात, हे वेगळं सांगायला नको.

आता कुंची. एक आजी गेल्या वर्षी खणाची सुंदर कुंची घेऊन आल्या, हनुवटीखाली बांधायच्या लाल रिबिनी आणि मागे शेपटीला मोती. मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "अगो, आमची चार पिढ्यांची पोरं यातच वाढली." मी म्हटलं, "आजी, तुमच्या घरी बांधणारा हात आणि बघणारा डोळा दोन्ही होते. विकत नेणारीच्या घरी कोण असेल, मला माहीत नाही." त्या काही पटवून घेऊन गेल्या नाहीत. कुंची मात्र परत गेली.

बटणं, टिच बटणं, सजावट. आधी पुठ्ठा. भोकातून आरपार जाणारी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते असं धरा. हे माप खेळण्यांच्या चाचणीतलं आहे. अमेरिकी नियमात कपड्यांच्या बटणांना त्यातून सूट आहे, पण बाळाच्या घशाला ती सूट ठाऊक नसते. बहुतेक सगळी बटणं भोकातून जाणारच, म्हणून खरा प्रश्न ती किती पक्की आहेत हा. काट्याचा हुक बटणाखाली अडकवा आणि सरळ ओढा. खेळण्यांच्या चाचणीत सुमारे ७० न्यूटन, म्हणजे सात किलोच्या आसपासचा ताण दहा सेकंद देतात. मी तेवढाच देते. बटण सुटलं तर बाद. कापड फाटलं तरी बाद, ते कापड असंही दोन धुण्यांत गेलंच असतं.

टिच बटणाची एक बाजू वाकली असेल तर धातूची धार वर येते. बोटानं दाबून फिरवा, टोचलं तर नको.

धातू आणि रंग. चेनचा लोंबणारा भाग मुलं चघळतात. त्यावरचा रंग पोपडे धरत असेल तर त्या रंगात काय आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून बाद. त्यानंतर लोहचुंबक कपड्यावरून हळूहळू फिरवा: मोडकी सुई, टाचणी, सेफ्टी पिन, आणि पुण्यात सगळ्यात जास्त सापडते ती लाँड्रीवाल्याच्या चिठ्ठीची पिन. कॉलरच्या आतल्या घडीत हमखास.

ओलं पांढरं फडकं कपड्यावर दहा वेळा घासा. रंग उतरला म्हणजे कपडा विषारी असं नाही, पण बाही चोखणाऱ्या वयासाठी तो नको. मोठ्या मुलांसाठी ठेवता येतो, "वेगळा धुवावा" असं लिहून.

डांबरगोळ्यांचा वास. याला लोक हसतात, म्हणून जरा सविस्तर. काही बाळांमध्ये जन्मतःच जीसिक्सपीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, आणि ते आईबापांना बहुधा माहीतही नसतं. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे, दुपटी घातली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, कावीळ वाढते आणि रुग्णालय गाठावं लागतं. आपल्याकडे तर बाळाला पहिले कपडे जुने, मऊ घालायची रीत आहे, आणि ते जुने कपडे माळ्यावरच्या ट्रंकेतून, गोळ्यांच्या सोबतीनं येतात. नवजात बाळाच्या कपड्यांना हा वास असेल तर मी घेतच नाही. मोठ्या मुलांचे, पाटी असूनही आत आले असतील तर तीन-चार दिवस उघड्या हवेत आणि दोनदा धुणं. त्यानंतरही वास राहिला तर परत.

इशारा: तुमच्या स्वतःच्या साठ्यातही डांबरगोळ्या टाकू नका. पूर्ण वाळलेला कपडा आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं पुरतं.

समारंभाचे कपडे. संक्रांतीच्या सुमाराला बोरन्हाणाचे काळे झबले-फ्रॉक, सोबत हलव्याचे दागिने, असे संच विकायला येतात. कपडा तपासून ठेवा, दागिने नाही. दोऱ्यात ओवलेला वर्षभर जुना हलवा म्हणजे गळ्याभोवती दोरी आणि तोंडात जाईल असा खडा, दोन्ही एकत्र. गॅदरिंगचे मावळ्याचे, राधाकृष्णाचे पोशाख स्वस्त नायलॉनचे, घेरदार असतात. दिवाळीत फुलबाजीजवळ ते पेटून अंगाला चिकटतात. विकायचे तर "आगीजवळ वापरू नये" असं चिठ्ठीवर लिहूनच.

## टप्पा ५: दुरुस्ती की बाद

काढून टाकण्याची दुरुस्ती करा, जोडण्याची टाळा, हा माझा नियम. नाडी पूर्ण ओढून काढली, दोन्ही भोकं शिवून बंद केली, टिकल्या उसवल्या: धोका कमी झाला. नवीन बटण लावलं, वेगळी चेन बसवली, इलॅस्टिक घातलं: तो बदल आता तुमचा, आणि कलम ८६ तुम्हाला तिथेच गाठतं. मोठ्या मुलांच्या शर्टाला बटण लावणं ठीक आहे. तीन वर्षांखालच्या कपड्याला मी लावत नाही.

नाडी अर्धवट कापू नका. उरलेलं टोक नळीत सरकतं, मूल बोटानं ते ओढून बाहेर काढतं.

प्रत्येक दुरुस्ती वहीत, पिशवीच्या क्रमांकासमोर. बाद कपडा बोहारणीला किंवा दान म्हणून देऊ नका, तो दुसऱ्या बाळाच्या अंगावर जाईल. कात्रीनं मधोमध कापून फडकी करा.

## टप्पा ६: आता धुणं

सुती कपडे ६० अंशांवर, बाकीचे लेबल सोसेल तितक्या गरम पाण्यात. पावडर निम्मी, खळबळून दोनदा. सुगंधी सॉफ्टनर नको. गिऱ्हाईक वासावरून "स्वच्छ" ठरवतं आणि आपण त्याच मोहात पडतो, पण बाळाच्या कातडीला तो वास नको असतो.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर दोन तासांत वाळतं. जुलैत खरी परीक्षा. दमट कपडा घडी घालून डब्यात गेला की चार दिवसांत काळ्या बुरशीचे ठिपके. पावसाळ्यात मी माल कमी घेते, सरळ गणित आहे.

## टप्पा ७: दुसरी तपासणी

ही पायरी जवळजवळ सगळ्या वगळतात. धुताना दोरा ढिला होतो, टिच बटण अर्धवट निघतं, चिकटवलेलं चित्र कडेनं सुटतं. म्हणून इस्त्रीआधी पुन्हा एकदा, यावेळी मिनिटभरच: मोजे उलटे, बटणं ओढून, चित्राच्या कडा नखानं खरवडून, लोहचुंबक.

पडताळणी: पहिली तपासणी आणि दुसरी तपासणी शक्यतो वेगवेगळ्या माणसानं. माझ्याकडे दुसरी सासूबाई करतात. चष्मा लावून. त्यांच्या हातून काही सुटत नाही, आणि सुटलेलं सापडलं की मला ते चार दिवस ऐकावं लागतं.

## टप्पा ८: चिठ्ठी

टॅग गन वापरू नका. चिठ्ठी फाडली तरी प्लास्टिकच्या दोऱ्याचं टोक कपड्यात राहतं, टोचतं किंवा तोंडात जातं. सेफ्टी पिन तर नाहीच. चिठ्ठी हँगरला किंवा बटणाच्या काजातून सुती दोऱ्यानं बांधा.

चिठ्ठीवर पिशवीचा क्रमांक, वयोगट, "वापरलेला कपडा" हे शब्द, केलेली दुरुस्ती, आणि इशारा असेल तर तो. वयोगट ठरवताना मापाबरोबर धोकाही बघा: तीन वर्षांच्या मापाचा, पण मणी असलेला फ्रॉक "३ वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं स्पष्ट लिहूनच. मूळ लेबल काढू नका, घडी घालून आत शिवलं तरी चालेल.

काय लिहू नये: "१००% सुरक्षित", "जंतुमुक्त", "नव्यासारखा, हमी". ही तुमची स्वतःची हमी होते, आणि ती सिद्ध करणं तुमच्याच गळ्यात येतं. "धुऊन, दोनदा तपासून" हे खरं आहे, तेवढंच लिहा.

पाच झबली, दोन टोपडी असा संच पारदर्शक पिशवीत सील करून विकायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. करू नका. बंद पाकीट झालं की वेष्टित मालाच्या नियमांचा प्रश्न उभा राहतो: नाव-पत्ता, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, सगळं छापावं लागू शकतं. उघडा माल उघडाच विका.

## टप्पा ९: बिल आणि ती पाटी

लक्ष्मी रोडवरून उचललेली "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी काढून टाका. सदोष माल परत घ्यायला, पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणंही त्याच यादीत आहे. "माप झालं नाही" म्हणून परत घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, दोष निघाला तर मात्र घ्यायलाच हवं.

बिलावर पिशवीचा क्रमांक लिहा आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागून घ्या. व्हॉट्सॲपवर विकत असाल तर बिलाचा फोटो पाठवा. "गप्पांमध्येच ठरलं" हे नंतर कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

## टप्पा १०: तक्रार आली तर

फोन आला की आधी बाळाची चौकशी, मग कपड्याची. "आमच्याकडे असं होत नाही" हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका. पुढचा क्रम असा:

१. "कपडा वापरणं थांबवा, धुऊ नका, तसाच ठेवा."
२. बिलावरून पिशवीचा क्रमांक, वहीवरून त्या पिशवीतले बाकीचे नग. दुकानातले लगेच उतरवा.
३. विकले गेलेले असतील तर त्या गिऱ्हाइकांना त्याच दिवशी फोन. टप्पा ९ मध्ये नंबर मागितला तो याचसाठी.
४. पैसे परत, कपडा ताब्यात, फोटो आणि तारीख वहीत.
५. ब्रँड माहीत असेल तर त्यांना ईमेल. नव्या मालातच दोष असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा. धोकादायक माल बाजारातून परत मागवायचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकतं.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं असते. म्हणून वह्या किमान तीन वर्षं जपून ठेवा, आणि उंदरांपासून लांब. माझी पहिली वही माळ्यावर कुरतडली गेली. त्या वर्षीच्या पिशव्यांबद्दल आज कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला कोपरा खाल्लेली चार पानं आहेत.